परदेश, परका आणि पाहुणा : लखनौचा एक प्रवास

मराठी भाषेतील 'परदेशी' या शब्दाला एक गमतीदार इतिहास आहे. आज 'परदेशी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रापलीकडून आलेला माणूस येतो. परंतु जुन्या मराठीत हा शब्द प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसासाठी वापरला जाई. महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अशा अनेक कुटुंबांचे आडनावच पुढे 'परदेशी' असे झाले. इतकेच नव्हे, तर 'हिंदुस्थान' हा शब्दही जुन्या मराठी कागदपत्रांत पुष्कळदा नर्मदेपलीकडच्या उत्तर भागापुरताच येतो. म्हणजे आपल्या पणजोबांच्या दृष्टीने गंगायमुनेचा प्रदेश हा खरोखरीच परमुलूख होता. तेथील भाषा निराळी, अन्न निराळे, वेश निराळा आणि बोलण्याचालण्याची रीतही निराळी.

कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्या अनुभवांवर त्यांनी पुढे लिहिलेले 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. आज तोच पल्ला रेल्वेने सुमारे एका अहोरात्रात पार पडतो. मुंबईहून लखनौचे अंतर अंदाजे चौदाशे किलोमीटर आहे. पारपत्र लागत नाही, चलन बदलावे लागत नाही. तरीही मराठी कुटुंब सुट्टीत लखनौला गेले, तर परक्या देशात पाऊल ठेवल्याचा अनुभव त्याला पहिल्या तासाभरातच येतो. या पाठात आपण अशाच एका कुटुंबाबरोबर लखनौ पाहणार आहोत. पाहता पाहता एका प्रश्नाचे उत्तरही शोधणार आहोत : परका मुलूख नुसता 'बघणे' आणि तो 'समजून घेणे' यांत फरक कोणता?

पहिली भेट : एका शब्दाची

समजा, सातारा जिल्ह्यातील एक कुटुंब आहे. आजी, आई, बाबा, महाविद्यालयात जाणारी ताई आणि सातवीतला धाकटा. नोव्हेंबरचा महिना आहे, कारण लखनौचा उन्हाळा अतिशय कडक असतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सुखकर असतो. चारबाग स्थानकाच्या बाहेर रिक्षावाला आजींच्या हातातील पिशवी घेतो आणि म्हणतो, "आप तशरीफ़ रखिए, अम्मा." बाबा भाड्याची विचारणा करताना सवयीने 'तुम' म्हणतात. रिक्षावाला मात्र 'आप' सोडत नाही. थोड्या वेळाने बाबांच्याही तोंडी 'आप' येऊ लागते.

लखनौची ही पहिली ओळख होय. येथे लहान मुलालाही 'आप' म्हणून हाक मारणारी घरे आहेत. स्वतःविषयी बोलताना माणूस 'मैं' ऐवजी 'हम' म्हणतो. मराठीतही आपण कधी कधी स्वतःबद्दल 'आम्ही' म्हणतो, पण त्यात थोडा तोरा असतो. लखनौच्या 'हम' मध्ये तो तोरा नसतो, ती तेथील साधी रीत आहे. या सभ्य वागणुकीला तेथे 'तहज़ीब' म्हणतात. 'पहिल्यांदा आपण, पहिल्यांदा आपण' असे एकमेकांना म्हणता म्हणता दोन नवाबांची गाडी चुकली, हा विनोद लखनौचे लोक स्वतःच हसत हसत सांगतात. स्वतःच्या रीतीवर हसता येणे हेही सभ्यतेचेच एक लक्षण आहे.

याच रिक्षावाल्याला ताई 'भैया' म्हणून हाक मारते आणि मग क्षणभर संकोचते. आपल्याकडच्या शहरांत हा शब्द कित्येकदा हिणवण्यासाठी वापरलेला तिने ऐकलेला असतो. रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर मात्र समाधान दिसते. अवधात 'भैया' म्हणजे थोरला भाऊ. आपला 'दादा' तसा त्यांचा 'भैया'. एकच शब्द चौदाशे किलोमीटरांच्या वाटेत आदराचा अनादर कसा झाला, हा विचार ताईच्या मनात घर करून राहतो. प्रवासातून मिळणारे पहिले ज्ञान अनेकदा दुसऱ्याविषयीचे नसून स्वतःविषयीचे असते.

दुष्काळात उभी राहिलेली वास्तू

दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंब बडा इमामबाडा पाहण्यास जाते. त्याआधी थोडा इतिहास पाहू. अवधच्या नवाबांचे घराणे मूळचे इराणातील निशापूरचे. या घराण्याचे संस्थापक सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क यांना १७२२ साली मोगल बादशहाने अवधचा सुभेदार नेमले. पुढे त्यांचे वारस जवळजवळ स्वतंत्रपणे राज्य करू लागले. चौथे नवाब असफउद्दौला यांनी १७७५ साली आपली राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि या शहराचा भाग्योदय झाला.

असफउद्दौलांचे वडील शुजाउद्दौला यांचे नाव मराठी वाचकाला पानिपतामुळे ठाऊक असते. १७६१ च्या त्या युद्धात ते अब्दालीच्या बाजूला होते. परंतु युद्धानंतर विश्वासरावांच्या मृतदेहाची विटंबना होऊ नये आणि हिंदू रीतीने अंत्यसंस्कार व्हावेत यासाठी शुजाउद्दौलांनी खटपट केली, अशी नोंद आहे. ही हकीकत लिहून ठेवणारे काशीराज पंडित हे मूळचे दक्षिणी ब्राह्मण, पण शुजाउद्दौलांच्या चाकरीत होते. आपला कोण आणि परका कोण, याचे उत्तर इतिहासातही वाटते तितके सोपे नसते.

१७८३-८४ मध्ये उत्तर हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला. ते विक्रम संवत १८४० हे वर्ष होते, म्हणून लोक त्याला 'चालीसा' म्हणत. लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून असफउद्दौलांनी १७८४ साली या प्रचंड वास्तूचे काम सुरू केले. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना नवीन वाटणार नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रस्ते, पाझर तलाव आणि बंधारे अशाच कामांतून तयार झाले आणि पुढे त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. लखनौमध्ये एक आख्यायिका सांगतात. चांगल्या घरांतील माणसेही उपाशी होती, पण दिवसा मजुरी करण्याची त्यांना लाज वाटे. म्हणून त्यांना रात्रीच्या अंधारात काम दिले जाई. दिवसा मजुरांनी बांधलेले ते रात्री पाडत, म्हणजे काम संपत नसे आणि कोणाची ओळखही पटत नसे. ही कथा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण भुकेल्या माणसाचा मानही जपला पाहिजे, ही जाणीव लोकस्मृतीने त्या कथेत साठवून ठेवली आहे.

इमामबाड्याचा मध्यवर्ती दिवाणखाना सुमारे पन्नास मीटर लांब, सोळा मीटर रुंद आणि पंधरा मीटर उंच आहे. एवढ्या मोठ्या छताला आधार देणारा एकही खांब मध्ये नाही आणि तुळईही नाही. धाकटा विचारतो, "मग हे छत पडत कसं नाही?" याचे उत्तर कमानीच्या गुणधर्मात आहे. सपाट छताचा भार सरळ खाली येतो, त्यामुळे त्याला खांब किंवा तुळई लागते. कमानदार छताची प्रत्येक वीट शेजारच्या विटेला दाबून धरते आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे वळवला जातो. मात्र हा भार भिंतींना बाहेर ढकलू पाहतो. तो पेलण्यासाठी भिंती अतिशय जाड हव्यात. त्या भरीव बांधल्या असत्या तर इमारतीचे वजन फार वाढले असते. म्हणून वास्तुरचनाकार किफायतुल्ला यांनी भिंतींच्या व छताच्या जाडीत अरुंद बोळ आणि जिने यांचे पोकळ जाळे ठेवले. हेच ते प्रसिद्ध 'भुलभुलैया'. बहुतेक प्रवाशांना ते नवाबांच्या करमणुकीसाठी केले असावे असे वाटते, परंतु त्यामागे भार हलका करण्याची युक्ती आहे. बांधकामात 'लखौरी' नावाच्या लहान, पातळ विटा आणि चुना वापरला आहे. वरच्या सज्जात एका टोकाला कोणी कागद फाडला, तर त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. वाटाडे हा प्रयोग हमखास करून दाखवतात.

जवळच सुमारे अठरा मीटर उंचीचा रूमी दरवाजा आहे. तोही याच काळातील. 'रूम' म्हणजे पूर्वेकडील रोमन साम्राज्याचा प्रदेश. पुढे त्याची राजधानी तुर्कांकडे गेली, तरी ते नाव टिकून राहिले. म्हणजे घराणे इराणचे, दरवाजाचे नाव तुर्कस्तानाकडचे, बांधणारे हात अवधचे आणि चुना-विटा गोमतीकाठच्या. आज सगळे जग या दरवाज्याला लखनौची ओळख मानते.

पाहुण्याचे भान

इमामबाड्यात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. आजी डोक्यावरून पदर घेतात. धाकट्याला वाटते, हा राजवाडाच असावा. पण तसे नाही. इमामबाडा हे शोक करण्याचे स्थान आहे. इसवी सन ६८० मध्ये करबला येथे हजरत इमाम हुसेन आणि त्यांचे साथीदार यांना वीरमरण आले. शिया मुसलमान मोहरमच्या महिन्यात त्या स्मृतीसाठी येथे एकत्र जमतात, मर्सिये म्हणजे शोकगीते म्हटली जातात, ताजिये निघतात. असफउद्दौलांची कबरही याच दिवाणखान्यात आहे.

हे ऐकल्यावर आजींना आपल्या माहेरचे गाव आठवते. त्या म्हणतात, "आमच्याकडं ताबूत निघायचे. गावातली सगळी माणसं पुढं व्हायची. माझे वडील ताबुतावर खोबरं-साखर ठेवायचे." महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत मोहरमचे ताबूत सगळ्या जातिधर्मांच्या लोकांनी मिळून उचलण्याची चाल आहे. आजींनी इमामबाड्याच्या पायरीवर हात टेकून नमस्कार केला. त्यांना ती जागा परकी वाटली नाही.

लखनौमध्येही अशी देवाणघेवाण आढळते. ज्येष्ठ महिन्यातील मंगळवार येथे 'बडा मंगल' म्हणून साजरे होतात. हनुमानाच्या दर्शनाला गर्दी लोटते आणि रस्तोरस्ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण व सरबत दिले जाते. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराची उभारणी नवाबांच्या कुटुंबातील एका बेगमेने केली, असे परंपरा सांगते. त्या मंदिराच्या कळसावर आजही चंद्रकोर आहे.

दुसऱ्याच्या श्रद्धास्थानात आपण प्रेक्षक म्हणून जात नाही, पाहुणे म्हणून जातो. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, प्रार्थना चालू असेल तर बाजूला थांबावे, मोठ्याने हसू-बोलू नये. हे नियम कोणत्याही पाटीवर नसले, तरी पाळण्याचे आहेत. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याने देवघरासमोर कसे वागावे असे आपल्याला वाटते, तेच दुसऱ्याच्या घरी आपण करावे.

हाताची कला आणि तिचे मोल

तिसऱ्या दिवशी चौक या जुन्या भागात खरेदी ठरते. ताईला चिकनचा कुर्ता घ्यायचा असतो. चिकनकारी म्हणजे तलम कापडावर केलेले नाजूक भरतकाम. हे काम एका हातून होत नाही. एकजण कापड बेततो. दुसरा लाकडी ठशांनी त्यावर कच्च्या निळ्या रंगाची नक्षी उमटवतो. त्यानंतर ते कापड शहरातील आणि आसपासच्या खेड्यांतील घरांत जाते, तेथे प्रामुख्याने स्त्रिया भरतकाम करतात. शेवटी धोबी ते धुतात तेव्हा निळी नक्षी निघून जाते आणि केवळ टाके उरतात.

टाक्यांची नावेही ऐकण्यासारखी आहेत : टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी दिसते, फंदा बाजरीच्या दाण्यासारखा गोल असतो. 'जाली' पाहून आई चकित होतात, कारण कापडाला भोके पाडल्यासारखी ती दिसते. प्रत्यक्षात एकही धागा कापलेला नसतो. सुईच्या टोकाने उभे-आडवे धागे अलगद बाजूला सारून ते टाक्याने बांधलेले असतात. २००८ साली लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्यामुळे 'लखनौ चिकन' या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले.

दुकानात बाबा घासाघीस सुरू करतात. तेव्हा आई हळूच विचारतात, "अहो, यातलं भरणाऱ्या बाईला किती मिळत असेल?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना मजुरी नगावर मिळते. त्यांच्या आणि दुकानाच्या मध्ये दलाल असतो, त्यामुळे विक्रीच्या किमतीतील फार थोडा वाटा त्यांच्या हाती पडतो. शिवाय बारीक कामामुळे डोळ्यांवर ताण येतो. प्रवासी केवळ स्वस्त वस्तू मागत राहिला, तर यंत्रावर काढलेले नकली काम बाजारात वाढते आणि हाताचे काम मागे पडते. म्हणून खरेदी करताना कापड उलटून पाहावे. हाताच्या कामात मागील बाजूला टाक्यांची गाठ आणि थोडी अनियमितता दिसते, यंत्राचे टाके एकसारखे असतात. परक्या मुलुखात पैसे कोठे खर्च करायचे, हाही संस्कृतीविषयीच्या आदराचाच भाग आहे.

खरेदीनंतर भूक लागते. लखनौच्या पाककलेची कीर्ती मोठी आहे. २०२५ साली युनेस्कोने पाककलेसाठी या शहराचा सर्जनशील शहरांच्या जाळ्यात समावेश केला. भांड्याचे तोंड कणकेने बंद करून मंद आचेवर पदार्थ त्याच्याच वाफेत शिजवण्याच्या पद्धतीला 'दम' म्हणतात. जिभेवर विरघळणारा गलावटी कबाब कच्च्या पपईने मऊ केलेल्या खिम्याचा असतो. आजी शाकाहारी असल्यामुळे त्यांच्यासाठी शीरमाल येते. ही केशर घातलेली, किंचित गोड, तांबूस रोटी तंदुरात भाजतात. 'शीर' म्हणजे फारसीत दूध. हे ऐकल्यावर 'शीरखुर्मा' या ओळखीच्या शब्दाचा अर्थ धाकट्याला आपोआप उलगडतो. थंडीच्या दिवसांत सकाळी चौकात 'मक्खन मलाई' मिळते. ती दुधाच्या फेसाची असते आणि ऊन चढले की बसू लागते, म्हणून ती सकाळीच खावी.

जेवताना ताई एक खेळ काढते : ऐकलेले ओळखीचे शब्द मोजण्याचा. दरवाजा, बाजार, शहर, जमीन, पोशाख, गुलाब, मेहनत, तारीख, अर्ज, हजर. हे सगळे अरबी-फारसी शब्द मराठीनेही कधीच आपले मानले आहेत. फार काय, 'पेशवा' हा शब्दही फारसीच आहे.

एकाच भिंतीचे दोन इतिहास

चौथ्या दिवशी कुटुंब रेसिडेन्सीत जाते. इंग्रज रेसिडेंटच्या निवासासाठी बांधलेला हा इमारतींचा समूह आज भग्नावस्थेत जपलेला आहे. भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गैरकारभाराचे कारण सांगून अवधचे राज्य खालसा केले. नवाब वाजिद अली शाह यांना लखनौ सोडावे लागले. पुढच्याच वर्षी लखनौ पेटून उठले. वाजिद अली शाहांच्या पत्नी बेगम हजरत महल यांनी आपल्या अल्पवयीन मुलाला, बिर्जिस कद्र याला, गादीवर बसवून लढ्याचे नेतृत्व केले. १८५७ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत रेसिडेन्सीला वेढा पडला होता. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकले. बेगमांनी शरणागती पत्करली नाही. त्या नेपाळात गेल्या आणि १८७९ साली काठमांडू येथे त्यांचा मृत्यू झाला.

इंग्रजांच्या लेखी रेसिडेन्सी हे त्यांच्या चिवट प्रतिकाराचे स्मारक होते. १९४७ पर्यंत तेथील बुरुजावर त्यांचे निशाण रात्रीही उतरवले जात नसे. आत इंग्रज स्त्रिया आणि मुले होती, तशीच इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या हिंदी शिपायांचीही मोठी संख्या होती. बाहेर आपले राज्य परत मिळवण्यासाठी लढणारे लोक होते. त्यांची नावे बराच काळ कोठेही कोरली गेली नाहीत. १९५७ मध्ये, त्या लढ्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, रेसिडेन्सीच्या जवळच गोमतीकाठी शहीद स्मारक उभे राहिले. आज ही दोन्ही स्मारके एकाच फेरीत पाहता येतात आणि ती दोन्ही पाहिल्याखेरीज गोष्ट पुरी होत नाही. एकाच भिंतीवरच्या खुणा दोन प्रकारे वाचता येतात. प्रवाशाने वाटाड्याची हकीकत ऐकावी, पाटी वाचावी आणि मग स्वतःला विचारावे : ही गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली आहे? न सांगितलेली बाजू कोणती?

लखनौतील मराठी स्वर

परतीच्या दिवशी थोडा वेळ हाती असतो. कुटुंब कैसरबागेत जाते. वाजिद अली शाह हे स्वतः कवी व कलावंत होते. कथक आणि ठुमरी यांना त्यांच्या दरबारात मोठा आश्रय मिळाला. कैसरबागेतील 'परीखाना' या वास्तूत ते मुलींना संगीत-नृत्याचे शिक्षण देववीत असत. राज्य गेल्यावर ते कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहिले आणि १८८७ मध्ये तेथेच वारले. त्यांच्याबरोबर लखनौचे गवई, नर्तक आणि आचारीही गेले. कलकत्त्याच्या बिर्याणीत बटाटा आला तो याच मंडळींमुळे, असे मानले जाते. राजा परका झाला, पण त्याची संस्कृती नव्या गावात रुजली.

परीखान्याच्या फाटकावरील पाटी वाचून बाबा थबकतात. तेथे एक मराठी आडनाव असते : भातखंडे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत झाला. ते व्यवसायाने वकील होते. पुढे वकिली सोडून त्यांनी सारे आयुष्य संगीताला वाहिले. त्या काळी रागदारी संगीताची विद्या घराण्यांच्या चार भिंतींत राहत असे. बंदिशी तोंडी चालत आणि परक्याला त्या देण्यास अनेक गवई सहजासहजी तयार होत नसत. भातखंडे गावोगावी हिंडले, उत्तरेतील उस्तादांपुढे शिष्य म्हणून बसले, बंदिशी ऐकल्या आणि स्वरलिपीत लिहून काढल्या. रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत आहे आणि तिच्यात मुसलमान उस्तादांकडून मिळालेल्या शेकडो बंदिशी जतन झाल्या आहेत. १९२६ साली राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली इत्यादींच्या साहाय्याने त्यांनी लखनौमध्ये संगीत महाविद्यालय सुरू केले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून त्याला 'मॅरिस कॉलेज' म्हणत. घराण्यात जन्म न घेतलेल्या मुलामुलींनाही येथे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले.

भातखंड्यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर १९२८ मध्ये या संस्थेचे प्राचार्य झाले आणि त्यांनी अनेक वर्षे ती सांभाळली. बेळगावकडचे पंडित कृष्ण गुंडोपंत गिंडे बालवयातच त्यांच्याकडे शिकण्यासाठी लखनौला आले. वाईत जन्मलेले व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोग यांचेही नाव या संस्थेशी जोडलेले आहे. गझल आणि ठुमरीच्या विख्यात गायिका बेगम अख्तर यांनीही येथे अध्यापन केले. संस्थेला पुढे भातखंडे यांचे नाव मिळाले. २००० साली ती अभिमत विद्यापीठ झाली आणि २०२२ पासून 'भातखंडे संस्कृती विद्यापीठ' म्हणून ओळखली जाते.

इराणहून आलेल्या घराण्यातील एका नवाबाची वास्तू आणि तिच्यात एका मराठी माणसाने सुरू केलेली विद्या. आतून तानपुऱ्याचा आवाज येत असतो. आजी डोळे मिटून फाटकापाशी उभ्या राहतात.

परतीची वाट

गाडीत बसल्यावर धाकटा वहीत लिहू लागतो. 'आम्ही काय पाहिले' असे शीर्षक देऊन तो यादी करतो. ताई शीर्षक खोडून लिहिते : 'आम्हाला काय कळले'.

या दोन शीर्षकांतील अंतर हेच बघणे आणि समजून घेणे यांतील अंतर होय. ज्या गोष्टींना आपण एखाद्या स्थळाची अस्सल संस्कृती म्हणतो, ती बहुधा अनेक परक्यांच्या येण्याजाण्याने घडलेली असते. लखनौ निशापूरच्या सुभेदारांनी घडवले, अवधच्या मजुरांनी बांधले, सुईकाम करणाऱ्या स्त्रियांनी सजवले आणि मुंबईच्या एका वकिलाने तेथे विद्या रुजवली. यांपैकी भातखंड्यांची रीत आपल्याला विशेष शिकवणारी आहे. ते परक्या मुलुखात गेले ते शिष्य होऊन. आधी ऐकले, मग लिहिले आणि शेवटी जे मिळाले ते सर्वांसाठी खुले केले.

या प्रवासाला आणखी एक बाजू आहे. अवधातूनही माणसे आपल्याकडे येतात. कोणी सुट्टीसाठी येतो, पण पुष्कळजण पोटासाठी येतात. आपल्या गावात भाजी विकणारा, सुतारकाम करणारा, इमारतीवर विटा चढवणारा माणूस कदाचित गोमतीकाठचा असेल. त्याच्यासाठी आपले गाव हाच परदेश आहे. लखनौने आजींना 'आप' म्हणून बसायला जागा दिली. आपल्या दारी आलेल्या त्या माणसाला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो, यावरून आपल्या प्रवासाने आपल्याला काय दिले ते ठरेल.

विचार करा आणि लिहा

१. आपल्या गावातील अशी एक वास्तू, पदार्थ किंवा चाल निवडा, जी 'आपलीच' आहे असे सर्वजण मानतात. ती कोठून आली, कोणाच्या हातांनी घडली, याची माहिती घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून दहा-बारा ओळींत लिहा.

२. आपल्या परिसरात दुसऱ्या प्रांतातून आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिच्या भाषेत आई, थोरला भाऊ आणि पाहुणा यांना काय म्हणतात ते विचारा. मराठी शब्दांशी त्यांचे साम्य आढळते का, ते पाहा.

३. आपण केलेल्या एखाद्या प्रवासाची टिपणे 'मी काय पाहिले' आणि 'मला काय कळले' अशा दोन रकान्यांत मांडा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तो भरण्यासाठी आपण काय कराल?